आत्म्याचं राहू द्या, जीव कुठे रमतो ते सांगा

पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय ४९. हिशेब तपासण्याचं काम करते. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तिला स्मृतिभ्रंश होता आणि शेवटची चार वर्षं ती माझ्याकडेच होती. आता वेळच वेळ आहे, पण आत काही हलत नाही. एका मैत्रिणीने दोन दिवसांच्या मेळाव्याचं बोलावणं दिलंय. शहरापासून दूर, शेतांमधल्या एका जुन्या घरात वीसेक माणसं जमणार. विषय आहे 'आत्मा, सर्जनशीलता आणि माणूस असणं'. वाचूनच छातीत धडधडलं. आत्म्यावर माझा विश्वास आहे की नाही, मलाच माहीत नाही. सर्जनशील म्हणावं असं मी काही करत नाही. आईच्या उशाशी बसून तिची शाल रफू करायचे, तेवढंच. ती दिवसा बोटांनी उसवायची, मी रात्री भरायचे. शेवटचं भोक अर्धंच राहिलं, सुई अजून त्यातच आहे. अनोळखी माणसांसमोर रडायला लावतील याची भीती वाटते. नवरा म्हणतो, दोन दिवसांत काय आत्मा सापडणार आहे? मैत्रीण म्हणते, ये तर खरी, आयुष्य बदलेल. जाऊ का?

उत्तर

ताई,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. जा. पण आयुष्य बदलायला म्हणून जाऊ नका, आणि आयोजकांना काही गोष्टी विचारल्याशिवाय होकार कळवू नका. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

'आत्मा' या शब्दाला तुम्ही बिचकलात, ते समजण्यासारखं आहे. आपल्या भाषेत तो शब्द फार उंचावर ठेवलेला आहे. नुसता उच्चारला तरी तो अमर आहे का, देह सोडून कुठे जातो, असे प्रश्न दारात येऊन उभे राहतात आणि ज्याच्याकडे त्यांची उत्तरं नाहीत त्याला वाटतं, हे घर आपल्यासाठी नाही. म्हणून मी हाताशी असलेला शब्द घेते. जीव. आपण कामात जीव ओततो, माणसाला जीव लावतो. कुठे जीव रमतो, कुठे गुदमरतो, आणि काही कामं जिवावर येतात. सूर चुकला नव्हता पण गाण्यात जीव नव्हता, असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. त्यासाठी कशावरही विश्वास ठेवावा लागत नाही. मोठ्या शब्दांची मुळंही अशीच साधी आहेत. ग्रीक 'प्सीखे' आणि लॅटिन 'आनिमा' हे दोन्ही शब्द मुळात श्वासाशी जोडलेले. आपल्या 'आत्मन्'चंही नातं श्वासाशीच लावतात. जर्मन भाषेत श्वास घेण्याला आजही 'आटमेन' म्हणतात. तेव्हा तिथे कुणी आत्मा म्हटलं की तुम्ही मनात जीव म्हणा. माझा जीव सध्या कशात अडकलाय, हा प्रश्न घेऊन दोन दिवस खुशाल बसता येतं.

आणि त्याचं उत्तर बहुतेक तुमच्या पत्रातच आहे. 'शाल रफू करायचे, तेवढंच.' त्या 'तेवढंच'पाशी मी बराच वेळ थांबले.

मी रफू करायला शिकले तेव्हा पहिलं काय कळलं असेल तर हे, की भोकाकडे बघून काम सुरूच होत नाही. आधी भोकापलीकडची शाबूत वीण शोधावी लागते. विरलेल्या कडेत धागा अडकवला तर तो तिलाच घेऊन सुटतो. मग एका दिशेने उभे धागे टाकायचे. ते सैल सोडले तर लोंबतात, जरा जास्त ओढले तर कापड गोळा होऊन कायमची चुणी बसते. मग आडवा धागा, एकाखालून घ्यायचा, एकावरून घ्यायचा, पुढच्या ओळीला नेमका उलटा. शेवटी त्या जागी नवं कापडच तयार होतं, जुन्याच्या आधाराने. हे सगळं तुम्ही दिवसभराच्या थकव्यानंतर, रात्री, बहुधा मंद दिव्यात केलंत. आणि उद्या ती बोटं पुन्हा उसवणार आहेत हे ठाऊक असताना केलंत. स्मृतिभ्रंशात पुष्कळांच्या हातांना चाळा लागतो. चादरीचा काठ, बटण, सुटलेला धागा, सापडेल ते बोटं खुडत राहतात. तुमच्या आईच्या बोटांना काहीतरी हवं होतं आणि तुम्ही ते रोज रात्री तयार करून ठेवत होतात. सर्जनशीलतेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जगाच्या इतिहासात राहणारी निर्मिती आणि रोजच्या जगण्यातली निर्मिती असा फरक करतात, आणि दुसरीलाही निर्मितीच म्हणतात. तुम्ही चार वर्षं आईच्या उशाशी जे केलंत, ते मला त्या दुसऱ्या प्रकारातलं फार वरचं काम वाटतं. त्या घरात जाताना 'मला काही येत नाही' हे वाक्य मात्र बरोबर नेऊ नका.

आता भीतीबद्दल. ही भीती खोटी नाही. ती झटकून टाका असं मी सांगणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका मेळाव्याला गेले होते. चालवणारा माणूस वाणीचा धनी होता. त्याने नजर रोखून बोलायला सुरुवात केली की आपल्याला आरपार ओळखणारा कुणी भेटला असं वाटायचं. दुसऱ्या संध्याकाळी दिवे मालवून सगळ्यांना सतरंज्यांवर आडवं व्हायला सांगितलं आणि आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट मोठ्याने सांगायची असं ठरलं. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "मला नको." तो शांतपणे म्हणाला, "हा नकारच तुझं कुलूप आहे. आम्ही थांबतो." आणि पंचवीस माणसं अंधारात थांबली. ती बोलली. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. रात्री मला जाग आली तेव्हा ती मोरीत नळ सोडून हात धूत होती, पुन्हा पुन्हा, कोपरापर्यंत. पहाटे ती निघून गेली. समारोपात त्या माणसाने सांगितलं की या वेळी सगळेच फुलले. तिचं नावही निघालं नाही. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून डाचतं.

हे एकट्या माझ्या अनुभवावर सोडून द्यायची गरज नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत मन मोकळं करण्याच्या अशा गटांची लाट आली होती. तेव्हा अर्विन यालोम आणि मॉर्टन लीबरमन या अभ्यासकांनी त्यांचा नीट अभ्यास केला आणि १९७१ साली त्यातला एक भाग प्रसिद्ध केला. विद्यापीठातले २०९ विद्यार्थी १८ गटांत सामील झाले होते. प्रत्येक गट एकूण ३० तास भेटला. ३९ जण मध्येच सोडून गेले. राहिलेल्या १७० जणांपैकी १६ जणांना गटामुळे मानसिक इजा झाली, आणि ती चार दिवसांत विरून जाणारी नव्हती. सर्वांत धोकादायक कोण ठरले? जे गटप्रमुख फार प्रभावी होते, आक्रमकपणे भावना उसळवत होते, एकेका माणसाला मध्ये घेऊन त्याच्याशी भिडत होते, आणि त्याच वेळी त्याला भरभरून आधारही देत होते, ते. मायेने ओढून घेणं आणि ढकलणं, दोन्ही एकाच हाताने.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे. कुणाला इजा झाली हे गटप्रमुखांना विचारून कळत नव्हतं. सर्वांत खात्रीने कळत होतं ते सोबतच्या सदस्यांना विचारून. म्हणून मैत्रिणीला 'तुला कसं वाटलं' हे विचारू नका, ते तिने सांगितलंच आहे. तिला विचारा की मागच्या वेळी कुणाला त्रास झाला का, आणि मग काय झालं. ती जराही विचार न करता 'छे, कुणालाच नाही' म्हणाली तर अजून एकाला विचारा. 'एक बाई उठून बाहेर गेली, तिच्यासोबत अमुक जाऊन बसली, दुसऱ्या दिवशी ती नुसती फिरायला आली' असं काही ऐकू आलं, तर ती जागा मला भरवशाची वाटेल.

आयोजकांना विचारायचं ते असं. माझी पाळी आली आणि मी 'आज मी ऐकणार आहे' म्हटलं तर चालेल का, आणि त्यावर कुणी कारण तर विचारणार नाही ना? मध्येच निघावंसं वाटलं तर परतायची सोय काय, कारण शेतांमधल्या घरात रात्री दहाला वाहन मिळणं हा साधा प्रश्न नसतो. तिथे बोललेलं तिथेच राहणार का, फोटो काढणार का? कुणी फार कोसळलं तर त्याच्याजवळ बसायला मानसोपचाराचं शिक्षण घेतलेलं कुणी आहे का? हे विचारताना संकोच करू नका. चांगले आयोजक या प्रश्नांनी सुखावतात. 'तुम्ही आधीच इतक्या बंद का आहात' असं उत्तर आलं तर घरीच थांबा आणि ते दोन दिवस झोपा.

असे मेळावे सभ्यपणे चालवता येतात, याची जुनी उदाहरणं आहेत. १७व्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची पुष्कळ माणसं सभेत एकत्र बसून गप्प राहतात. आतून सांगावंसं वाटलं तर एखादा उठून थोडं बोलतो आणि पुन्हा शांतता. तासभर कुणी काहीच बोललं नाही तरी सभा वाया गेली असं कुणी मानत नाही. त्यांच्यात आणखी एक रीत आहे. एखाद्याला पेच पडला तर चार-पाच विश्वासू माणसं त्याच्याजवळ बसतात, पण सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रामाणिक प्रश्न विचारायचे. उत्तर द्यायचं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. मी वर्षानुवर्षं सल्ले देते आहे आणि तरी तुम्हाला सांगते, ज्या गटात सल्ला द्यायला बंदी आहे तिथे माणूस जास्त बोलतो.

रडू आलं तर येऊ द्या. रडू येणं आणि रडायला लावणं यात मोरीतल्या त्या नळाइतकं अंतर आहे.

एक गोष्ट मात्र मेळाव्याच्या आधीची आहे. 'आत काही हलत नाही' असं तुम्ही लिहिलंत. चार वर्षं रात्री अर्धं लक्ष शेजारच्या खोलीत ठेवून झोपलेल्या बाईचं शरीर आठ महिन्यांत पहारा सोडत नाही, त्यामुळे हे बधिरपण मला अनैसर्गिक वाटत नाही. पण झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आईच्या ओढीने दिवसच्या दिवस व्यापून जात असतील, काम हातून सुटत असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ११वी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे आणि किमान सहा महिने हा त्याचा एक निकष आहे. म्हणजे हे विचारायला तुम्ही फार लवकर जाताय असं कुणी म्हणणार नाही. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर लगेच, जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना फोन करा. शनिवार-रविवारच्या मेळाव्याला उपचार समजू नका, तो चालवणाऱ्यांनीही तसं समजू नये.

हे सगळं ठीक असेल, तर मग बॅगेत काय घ्यायचं त्याकडे वळू.

१९३३ साली स्वित्झर्लंडमध्ये, माज्जोरे सरोवराकाठच्या आस्कोना गावाजवळ, ओल्गा फ्रोबे-काप्टाइन या बाईंनी आपल्या घराशेजारी अशीच माणसं जमवायला सुरुवात केली. मानसशास्त्र, धर्म, पुराणकथा अशा वेगवेगळ्या विषयांतले लोक दर उन्हाळ्यात येत. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग त्यांतले एक. व्याख्यानं होत, आणि मग बागेतल्या मोठ्या गोल टेबलाभोवती गप्पा रंगत. त्या बैठकांचं नाव होतं 'एरानोस'. हा ग्रीक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मला फार आवडतो: ज्या भोजनाला प्रत्येक पाहुणा आपापला वाटा घेऊन येतो, ते भोजन. यजमान सगळं वाढणार आणि आपण ताट पुढे करणार, असा तो प्रकार नव्हे.

मेळाव्यांबद्दल माझी जी काही समज आहे ती या शब्दात मावते. आयुष्य बदलून मिळेल म्हणून गेलेली माणसं तिथल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या हाती सापडतात. आपली एखादी वस्तू, एखादं अर्धं काम घेऊन गेलेल्या माणसाला मात्र तिथे पाय टेकायला जागा असते. शाल घेऊन जा.

ती कुणाला दाखवायची नाही. तिची गोष्ट सांगायलाच हवी असंही नाही. मोकळा वेळ मिळेल तेव्हा मांडीवर घेऊन बसा. हात कामात असले की कान जास्त मोकळे होतात, हे तुम्हाला आईच्या उशाशी कळलंच असेल. आणि रफू करणाऱ्या बाईच्या शेजारी येऊन बसणं लोकांना सोपं जातं, कारण तिच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी पाहिलेल्या मेळाव्यांत खरं बोलणं झालं ते बहुतेक वेळा वर्तुळात नाही, भांडी घासताना आणि बांधावरून चालताना झालं. त्या अंधारातल्या मेळाव्यानंतर कितीतरी वर्षांनी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले. तिथे सकाळचे तीन तास काहीच ठरवलेलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ त्या वेळात एक मोडकी खुर्ची दुरुस्त करत बसले. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एवढंच सांगितलं की खुर्ची मुलाची होती. पुढे कुणी विचारलं नाही, पण त्यानंतर प्रत्येकजण त्यांच्याजवळून जाताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जायचा. कार्यक्रमपत्रिका मागवून बघा आणि तिच्यात किती रिकामी जागा आहे ते पाहा. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत खच्चून भरलेली असेल तर तो शेतांचा परिसर फक्त छायाचित्रापुरता आहे.

शेतं, झाडं, उघडं आभाळ यांनी माणसात काय होतं याबद्दल बरंच वाढवून सांगितलं जातं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ जणांची परीक्षा घेतली होती. त्यातल्या काहींनी ती रानावनात पायी निघण्याआधी दिली, काहींनी फोनशिवाय चार दिवस भटकल्यावर. विखुरलेल्या शब्दांमधला दुवा शोधायच्या चाचणीत नंतरच्या लोकांना सुमारे ५० टक्के जास्त गुण मिळाले. पण त्यातला किती वाटा झाडांचा आणि किती बंद फोनचा, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. तुमचे दिवस दोनच आहेत, त्यामुळे जे हातात आहे ते करा: घरच्यांना आयोजकांचा नंबर द्या आणि आपला फोन बॅगेच्या तळाशी ठेवा.

तुमच्या नवऱ्याचा प्रश्न मला राग येण्यासारखा वाटत नाही. त्यांना सांगा की आत्मा शोधायला जात नाही, एक शाल पुरी करायची आहे. त्यांनी ती सुई पाहिली असणार. घर दोन दिवस चालतं, त्याची काळजी करू नका. चार वर्षं तुम्ही कुठेही गेला नाहीत, हे त्यांना कुणीतरी आठवण करून द्यायला हवं असेल तर हे पत्र वाचायला द्या.

परतल्यावरचा सोमवार शक्य झाला तर सुट्टीचा ठेवा. दोन दिवस सगळे हळू बोलत असतात, नजर भिडवून ऐकत असतात, आणि मग एकदम हिशेबाच्या वह्या आणि फोनची घंटी. तो धक्का बसतो, आणि धक्क्यात माणसं नोकरी सोडण्याच्या, नाती तोडण्याच्या किंवा लगेच पुढच्या महागड्या शिबिराला नाव नोंदवण्याच्या गोष्टी करतात. निदान तीन आठवडे काहीही ठरवू नका. कुणी तिथल्या तिथे पुढच्या टप्प्याचे पैसे भरायला सांगितलं तर भरू नका, आग्रह कितीही गोड असला तरी. आणि उलट, काहीच वाटलं नाही, दोन दिवस नुसते बसून, चालून, शिवून परतलात, तर मेळावा फसला असंही समजू नका. मैत्रिणीला तसं सांगायचा संकोच वाटेल, तरी सांगा.

जायच्या आदल्या रात्री शाल कपाटातून काढाल तेव्हा सुई आधी नीट बघा. आठ महिन्यांत तिला गंज चढला असेल. तशी ओढलीत तर लोकरीला डाग लागेल आणि शेजारची वीणही सुटेल. सुईजवळ धागा कापा आणि टोक चार बोटं राहू द्या, म्हणजे तुम्ही जिथे थांबलात ती ओळ सापडेल. बोथट टोकाची दुसरी सुई घ्या, छोटी कात्री घ्या, आणि लोकर उजेडात धरून निवडा, कारण रात्रीच्या दिव्यात जुळलेला रंग सकाळी वेगळा दिसतो. तिथे पोचल्यावर खिडकीजवळची जागा धरा. भोक भरायचं की तसंच ठेवायचं, हे ठरवून जाऊ नका.